जागी रात्र आणि उसनी झोप

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. रात्री झोप लागली नाही तर काय करावे, यावर भाषण ते काय करायचे? आणि रेडिओवरचे भाषण हेच मुळी झोपेचे औषध, असेही कोणी म्हणेल. तसे झाले तर मला वाईट वाटणार नाही. माझे भाषण निदान कुणाच्या उपयोगी तरी पडले, असे मी समजेन.

पण ज्यांनी अशी रात्र काढली आहे, ते हसणार नाहीत. दिवा मालवलेला असतो. घरातली सगळी माणसे शांत झोपलेली असतात, आणि त्यांच्या त्या शांत झोपेचाच आपल्याला राग येत असतो. नळाचा थेंब, गुरख्याची काठी, लांब कुठेतरी भुंकणारे कुत्रे, सगळे ऐकू येते. आपण कूस बदलतो. उशी उलटी करतो. घड्याळ पाहतो, तर दीड. पुन्हा पाहतो, तर दोनला दहा कमी. मग मनात हिशेब सुरू होतो: आत्ता झोप लागली तर चार तास मिळतील, अडीचला लागली तर साडेतीन. हा हिशेब करता करताच साडेतीन वाजतात!

मी भाषा आणि साहित्य शिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा सुरुवात माझ्या ओळखीच्या मुलखातूनच करतो. महाभारताच्या उद्योगपर्वात एका जागरणाचे सविस्तर वर्णन आहे. त्या भागाचे नावच प्रजागरपर्व. पांडवांकडे गेलेला संजय संध्याकाळी परत येतो, धृतराष्ट्राला चार कठोर शब्द ऐकवतो आणि सांगतो, की निरोप काय आहे ते उद्या सभेत बोलेन. झाले! म्हाताऱ्या राजाची झोप उडाली. त्याने विदुराला बोलावून घेतले आणि म्हणाला, माझ्या अंगाची आग होते आहे, झोप येत नाही, काहीतरी सांग. ज्याला आपण विदुरनीती म्हणतो, ती त्या रात्री सांगितली गेली. म्हणजे आपल्याकडचा नीतीचा एक मोठा ग्रंथ हा एका माणसाला झोप न आल्यामुळे निर्माण झालेला आहे.

विदुराने आधी काय केले, ते बघा. त्याने जायफळ उगाळून दिले नाही. बलवानाशी वैर पडलेला, सगळे गमावून बसलेला, कामातुर आणि चोर, अशांना झोप येत नाही, असे सांगून त्याने राजाला सरळ विचारले, की तुम्हांला दुसऱ्याच्या धनाचा लोभ तर सुटला नाही ना? आधी कारण, मग उपाय. धृतराष्ट्राने सगळे ऐकले, पटले म्हणाला, आणि शेवटी कबूल केले, की दुर्योधन समोर आला म्हणजे माझी बुद्धी फिरते. रात्री जे पटते ते दिवसा टिकतेच असे नाही. आणि रात्री जे करावेसे वाटते, ते दिवसा निस्तरावे लागते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

झोप यायला शरीरात दोन गोष्टींचा मेळ बसावा लागतो, असे आजचे शास्त्र सांगते. एक म्हणजे झोपेचे ओझे. आपण जागे असतो तो सारा वेळ मेंदूत ॲडिनोसीन नावाचे एक द्रव्य साठत जाते. ते जितके साठेल तितके डोळे जड होतात, आणि झोपेत ते ओसरते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे आतले घड्याळ. उजेडावर चालणारे हे घड्याळ ठरावीक वेळी झोपेचे दार उघडते आणि ठरावीक वेळी लावून घेते. ओझेही पुरेसे आहे आणि दारही उघडे आहे, अशी वेळ साधली की झोप लागते. पण या दोन्हींच्या वर एक तिसरा अंमलदार बसलेला असतो. तो म्हणजे धोक्याची जाणीव. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना वाघाची चाहूल लागली तर झोप उडायलाच हवी होती. आता वाघ नाही. मुलीचे लग्न आहे, परीक्षेचा निकाल आहे, बँकेचा हप्ता आहे. शरीराला हा फरक कळत नाही.

म्हणूनच, 'आता झोपलेच पाहिजे' अशी स्वतःवर सक्ती केली की झोप आणखी लांब पळते. सक्ती हाही एक धोकाच! शाळेत मास्तरांनी छडी उगारून 'हस' म्हटले तर मुलाला हसू येईल का? तसेच हे आहे.

मग करायचे काय? अंदाजे वीस मिनिटे तळमळून झाली, की अंथरूण सोडा. अंदाजे म्हणतो, कारण घड्याळ बघायचेच नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुसऱ्या खोलीत मंद दिवा लावून बसा आणि काहीतरी निरुपद्रवी काम हाती घ्या. आमच्या घरी अशा वेळी मेथी निवडण्याची वहिवाट आहे. कपड्यांच्या घड्या चालतील, जुना दिवाळी अंकही चालेल. मनात उद्याच्या कामांची गर्दी असेल तर ती कागदावर उतरवून ठेवा. एकदा कागदावर आली की तिला सकाळपर्यंत थांबायला सांगता येते. डोळे मिटू लागले की मगच अंथरुणावर या. हेतू एवढाच, की अंथरूण म्हणजे झोपेची जागा, तळमळण्याची नव्हे, हे शरीराने विसरू नये. आणि मोबाइल फोन? तो या खोलीतही नको आणि त्याही खोलीत नको. त्याचा उजेड घड्याळाला फसवतो हे तर खरेच. पण माझी तक्रार निराळी आहे. ती आता सांगतो.

2017 सालच्या पावसाळ्यात माझे वडील फुफ्फुसाच्या आजाराने दवाखान्यात होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अकरा रात्री मी त्यांच्या खाटेशी बसून काढल्या. सकाळी सातला घरी यायचे, अंघोळ करायची आणि आठच्या तासाला कॉलेजात हजर व्हायचे. धाकटा भाऊ नागपूरला नोकरीला. तो 'येतो, येतो' म्हणत होता, पण आला नव्हता. सहाव्या रात्री, अडीचच्या सुमारास, अण्णांना जरा डोळा लागला आणि माझ्या मनात भावाविषयीचा राग फणा काढून उभा राहिला. मी फोन काढला. बाप काय फक्त माझा एकट्याचा आहे, इथपासून सुरुवात करून लहानपणापासूनचे सगळे उणेदुणे मी लिहिले, आणि बोट टेकवले. गेले! पूर्वी पत्र लिहिले तर पेटी उघडायला सकाळ व्हावी लागे. पाकीट चिकटवायचे, तिकीट लावायचे, कोपऱ्यावर चालत जायचे, एवढ्या वेळात माणूस शुद्धीवर येई. ही सोय आता राहिलेली नाही.

पहाटे उत्तर आले. एका शब्दाचे: 'बरं.' दोन दिवसांनी भाऊ आला, अण्णांशी बोलला, डॉक्टरांशी बोलला, माझ्याशी मात्र कामापुरते बोलला. त्याची लेक त्या आठवड्यात तापाने फणफणली होती आणि अण्णांच्या कानावर जायला नको म्हणून त्याने आम्हां कुणालाच कळवले नव्हते, हे मला त्याच्या बायकोकडून पुढे महिन्याने समजले. त्या 'बरं'ची भरपाई करायला मला वर्षभर लागले.

महाभारतातच याचे भयंकर उदाहरण आहे. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा एका वडाखाली रात्र काढतात. दोघांना झोप लागते. अश्वत्थाम्याला लागत नाही. जागा असताना तो वर पाहतो, तर एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारीत आहे. त्याला कल्पना सुचते आणि तो दोघांना उठवतो. कृपाचार्य त्याला समजावतात, की तू फार दिवसांचा जागा आहेस, आजची रात्र झोप, उद्या सकाळी पाहू. अश्वत्थामा उलट विचारतो, की संतापलेल्याला झोप कुठली? आणि तो निघतो. पांडवांच्या झोपलेल्या शिबिरात पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. मामाचे ऐकून तो सकाळपर्यंत थांबला असता तर? कथा निराळी झाली असती की नाही, कोण जाणे. पण झोप न मिळालेल्या मेंदूत भावना भडकतात आणि त्यांना आवरणारी विवेकाची पकड ढिली पडते, एवढे आज प्रयोगांनीही दाखवले आहे. म्हणून माझे सांगणे असे: रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात राजीनामा लिहू नका, भांडण उकरू नका, पैशाचा निर्णय घेऊ नका. हवे तर लिहून ठेवा आणि सकाळी चहा घेऊन वाचा.

आता दुसरा दिवस. रात्र तर गेली. सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. दिवस कसा निभवायचा?

पहिली गोष्ट म्हणजे, नेहमीच्या वेळीच उठा. 'रात्री झोप नाही, तर आता दहापर्यंत लोळू' असे केले की आतले घड्याळ आणखी मागे पडते आणि दुसरी रात्रही जाते. उठून उजेडात या. गच्चीत, अंगणात, जिथे असेल तिथे. आणि दुपारी, जमेल तर, एक छोटी डुलकी घ्या.

दुपारच्या झोपेची आपल्याकडे थट्टा फार होते. पुण्याच्या एक ते चारबद्दल तर मी काही बोलत नाही; मला त्या शहरात पुष्कळ नातेवाईक आहेत. पण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान अंगाला येणारी सुस्ती ही केवळ वरणभाताची करणी नव्हे. उपाशी माणसालाही ती येते. आतल्या घड्याळातच त्या वेळी एक उतार आहे. आपल्या वामकुक्षीने तो उतार बरोबर हेरलेला आहे.

लढाईच्या धुमाळीतसुद्धा माणसाला डुलकी लागते, याचा दाखला द्रोणपर्वात आहे. चौदाव्या दिवसाचे युद्ध सूर्यास्ताला थांबले नाही, रात्रीही चालू राहिले. घटोत्कच पडल्यानंतर दोन्ही बाजूंचे सैनिक झोपेने इतके आंधळे झाले, की आपला कोण आणि परका कोण हेही कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले, की चंद्र उगवेपर्यंत सर्वांनी इथेच झोपून घ्यावे. शत्रूच्या सैन्यानेही त्याला दुवा दिला! कोणी घोड्यावर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या मानेवर, जो तो होता तिथेच झोपला.

आमच्या काळात हाच प्रयोग विमानात झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने पॅसिफिक महासागरावरून लांब उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांची पाहणी केली. तिचा अहवाल 1994 साली प्रसिद्ध झाला. काही वैमानिकांना, सोबती विमान सांभाळत असताना, आपल्याच जागेवर चाळीस मिनिटे विसाव्याची सवड दिली. त्यांना सरासरी 26 मिनिटे झोप लागली. ज्यांना ही सवड मिळाली नव्हती, त्यांच्यापेक्षा ते शेवटच्या टप्प्यात, म्हणजे विमान उतरवण्याच्या वेळी, पुष्कळ अधिक सावध राहिले. मात्र त्याच अहवालात पुढे म्हटले आहे, की या डुलकीने झोपेचे साठलेले कर्ज बहुतेकांच्या बाबतीत फिटले नाही. हे पुढचे वाक्य आपण लक्षात ठेवू.

डुलकीचे मर्म मला शास्त्राने नंतर शिकवले; अण्णांना ते आधीपासून येत होते. ते एस्टीत चालक होते. वर्षानुवर्षे त्यांनी कोल्हापूर–मुंबई रातराणी चालवली. लहानपणी एकदा मी त्यांच्या गाडीतून गेलो होतो. खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहापाण्याला गाडी थांबली. उतारू चहा प्यायला उतरले आणि अण्णा अर्धा कप चहा घेऊन बाकावर आडवे झाले, तोंडावर टॉवेल टाकून. वाहकाला एवढेच म्हणाले, "वीस मिनिटांनी उठव." वीस मिनिटांनी वाहकाने हलवले. अण्णा उठले, तोंडावर पाणी मारले, गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि मगच आत चढले.

या साध्या कृतीतली प्रत्येक पायरी बरोबर होती, हे मला आज कळते. आधी चहा, कारण चहातले कॅफीन चढायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. ते ॲडिनोसीनची जागा अडवून बसते, तोवर डुलकी होऊन जाते. वीसच मिनिटे, कारण त्यापुढे झोप खोल जाऊ लागते, आणि गाढ झोपेतून मध्येच उठवलेला माणूस पहिल्यापेक्षा अधिक बावचळतो. आणि उठल्यावर दोन फेऱ्या, कारण डोळे उघडले म्हणजे मेंदू उघडला असे नव्हे. आपण घरी हेच करा. फक्त दुपारी तीनच्या आत करा. संध्याकाळच्या डुलकीने रात्रीचे ओझे हलके होते आणि झोप पुन्हा रुसते. चहाही संध्याकाळी नको. अंगात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाचेक तासांनंतरही रक्तात फिरत असते.

अण्णांचे पाहून मीही दवाखान्याच्या त्या दिवसांत डुलक्यांवर निभावून नेले. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वीस मिनिटे, दुपारी घरी अर्धा तास. इतके छान जमले, की मला त्याचा अभिमान वाटू लागला. माणसाला सात-आठ तास झोप लागते ही निव्वळ सवय आहे, असे मी सहकाऱ्यांना सांगूसुद्धा लागलो.

दहाव्या सकाळी स्कूटरवरून घरी येत होतो. रस्ता ओळखीचा, सरळ, रिकामा. नंतरचे मला आठवते ते एकदम वाळूच्या ढिगात रुतलेले पुढचे चाक. मधले काहीच आठवत नाही. डोळा किती वेळ लागला असेल? दोन सेकंद, तीन सेकंद. ढिगाच्या पलीकडे रस्ता झाडणारी एक बाई झाडू हातात घट्ट धरून उभी होती. आमच्यात चार पावलांचे अंतर होते. ती मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. गुडघा फुटला होता, पण गुडघ्याचे दुखणे आठवड्यात गेले. ती नजर अजून गेलेली नाही.

संध्याकाळी अण्णांनी पट्टी पाहिली आणि विचारले. मी खोटे बोलू शकलो नाही. नळीतून श्वास घेत, थांबत थांबत ते म्हणाले, "अरे, डुलकीवर घाट निघतो. सबंध रस्ता नाही निघत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आज धाकट्याला बसू दे रात्री. तू घरी जा नि झोप. आणि रिक्षानं जा."

त्या रात्री मी दहा तास झोपलो. अकरावी रात्र तेवढी मी पुन्हा बसलो.

श्रोतेहो, एवढ्यासाठीच मी आज बोलायला उभा आहे. डुलकी ही उसनी झोप आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वेळ निभते; रोज आणून संसार चालत नाही. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, 100 मिलीलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके ढळते. चोवीस तास जागल्यावर तर सुमारे 100 मिलिग्रॅमइतके. आपल्या कायद्याने वाहन चालवणाऱ्याला 30 मिलिग्रॅमच्या पुढे गुन्हा आहे. दारू प्यायलेल्याच्या तोंडाला वास तरी येतो. जागलेल्या माणसाला ओळखायचे कसे? आणि त्यालाही स्वतःची अवस्था कळत नाही, हे अधिक वाईट. तेव्हा जागरणानंतर वाहन चालवू नका. चालवणे भाग असेल आणि डोळा जड झाला, तर गाडी बाजूला घ्या. गार वारा, गाणी, तंबाखू यांनी झोप जात नाही; ती झोपूनच जाते.

यात एक दिलासाही आहे. हे कर्ज तासाला तास मोजून फेडावे लागत नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 1963 च्या डिसेंबरअखेर सुरू करून 1964 च्या जानेवारीपर्यंत 264 तास जागून काढले, आणि नंतर पहिल्या झोपेत तो चौदा-साडेचौदा तासच झोपला. शरीर पुढच्या रात्री आपण होऊन गाढ झोपेचा वाटा वाढवते. म्हणून एक रात्र गेली तर घाबरू नका. पुढच्या रात्रीला तिचे काम करू द्या.

मात्र आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप नाही आणि असे तीन महिने चालले आहे, तर हा डुलक्यांनी निभवण्याचा विषय राहत नाही. अशा माणसाने उलट दुपारची झोप टाळावी आणि डॉक्टरांकडे जावे. सवयी आणि विचार यांना वळण लावणारे चांगले उपचार आज आहेत. झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हेही दाखवण्याजोगे दुखणे आहे. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी मात्र मागून घेऊ नका. ती उसनवारी सर्वांत महाग पडते.

आषाढीच्या यात्रेत पंढरपूरच्या देवळात देवाचा पलंग काढून ठेवतात. रात्रंदिवस दर्शन चालू असते. विठोबाला झोप नाही. पण उभे राहून थकू नये म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शीण जावा म्हणून देवाला काढा देतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. लोड असतो तो यात्रेपुरता. आपल्या आयुष्यातही अशा यात्रा येतात. घरात दुखणे येते, बाळ जन्मते, रात्रपाळी लागते. तेव्हा लोडाला जरूर टेका. पण पलंग अडगळीत टाकू नका.

अण्णा त्या दुखण्यातून उठले आणि आणखी चार वर्षे आमच्यात होते. शेवटच्या आजारात आम्ही दोघा भावांनी रात्री वाटून घेतल्या होत्या: एक त्याची, एक माझी. माझी पाळी संपली की तो सकाळी येई, थर्मासमधला चहा ओतून देई आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातातून काढून घेई.

आज रात्री आपणां सर्वांना झोप लागो. आणि नाहीच लागली, तर मेथीची जुडी घरात आहे ना, तेवढे पाहून ठेवा.